चासीवरचं बोट

एकोणीसशे त्रेसष्ट साली डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टरमधल्या दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा आणि भरपूर फावला वेळ, एवढाच माझा संसार होता. सिग्नलच्या तारा तपासणं ही नोकरी. दोष सापडल्याशिवाय मला घास गोड लागत नसे, आणि याचा मला जरा गर्वच होता.

त्या गर्वापायी मी ग्रामोफोनसाठी घरीच अॅम्प्लिफायर बांधला. गाणं छान वाजे, पण मागे सतत घूं आवाज, भिंतीपलीकडे कुणी जात्यावर बसल्यासारखा. मुंबईहून मोठा कंडेन्सर आणून बसवला. व्हॉल्व्हच्या वायरी एकमेकींभोवती पिळून घेतल्या. ट्रान्सफॉर्मर आडवा केला. घूं कमी झाला, गेला नाही.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," माझी बायको जयमाला भाजी चिरता चिरता म्हणाली. "त्यापेक्षा पंख्याला तेल घाला."

माझ्या हाताखालचा खलाशी, म्हणजे रेल्वेतला मदतनीस, शुक्रा झरी गावचा. एका रविवारी दुपारी त्याच्याकडून अंगणात खड्डा खणून घेतला, अर्थिंगसाठी मीठ-कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरली आणि तिची वायर अॅम्प्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीला, म्हणजे चासीला, जोडली. तरी घूं तसाच. वैतागून मी चासीवर बोट टेकलं, आणि आवाज गपकन थांबला.

यात नवल काही नाही. रेडिओ उघडणाऱ्या कुणालाही ही गंमत ठाऊक असते. मी बोट उचललं.

घूं परत आला. फक्त आता तो स्पीकरमधून येत नव्हता.

कमळी, आमची साडेचार वर्षांची मुलगी, दारात चिंचोके मांडून बसली होती. ओठ मिटलेले, डोळे माझ्याकडे, आणि आवाज तिच्या घशातून. पोरगी नक्कल करते आहे म्हणून मी हसलो.

"पुरे गं."

ती थांबेना. सूर जराही हलेना. मग दिसलं की तिची छातीही हलत नाही. जयमाला किंचाळली. मी पोरीला गदागदा हलवलं, पाठीत धपाटे घातले. तिचे ओठ निळे पडत चालले. शेवटी केलेला बदल आधी उलटवायचा, ही आमच्या कामातली सवय. मी धावत जाऊन चासीवर बोट ठेवलं.

कमळीने खोल श्वास घेतला आणि भोकाड पसरलं.

मी प्लग काढला. व्हॉल्व्ह उपटले. पुरलेली पट्टी शुक्राने उकरून काढली. दर वेळी बोट उचलून पाहिलं, दर वेळी तेच. ओलं फडकं लावून पाहिलं. वायर मनगटाला गुंडाळून पाहिली. बोट चिंधीने चासीला बांधलं, तर तेही चालेना. ते जागेपणी, आपणहून ठेवावं लागत होतं. जयमालाचं चालत होतं. शुक्राचंही.

"सायेब, पेटी खाडीत टाकू का?" शुक्राने विचारलं.

"आणि तिच्यावर बोट कोण ठेवणार?"

तो फावडं उचलून चालू लागला. दुसऱ्या दिवसापासून त्याने आमच्या दारावरून जाणं सोडलं.

डॉक्टरांनी फुफ्फुसं ठणठणीत असल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी जयमाला कमळीला घेऊन एसटीने पंधराएक मैलांवरच्या चारोटीला गेली. आमचं ठरलं होतं, बरोबर बाराला मी पाच आकडे मोजेपर्यंत बोट उचलायचं. मी उचललं. घर शांत होतं. इतक्या लांब पोहोचत नसेल, असं वाटून मला भडभडून आलं.

संध्याकाळी दोघी परतल्या. जयमालाच्या चेहऱ्यावरच कळलं.

"हॉटेलात भजी खात होती हो," ती म्हणाली. "घास तोंडात होता."

त्यानंतर आम्ही पाळ्या लावल्या. तिचं बोट टेकेपर्यंत मी माझं काढत नसे. एकाने जेवायचं, दुसऱ्याने बसायचं. एकाने झोपायचं, दुसऱ्याने बसायचं. मी रजा वाढवत राहिलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी अक्षरशः करून घेतलं होतं. जयमाला मला बोल लावत नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी ती नळावर पाणी भरायला गेली. माझी पाळी होती.

पापणी कधी मिटली ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा हात मांडीवर पडलेला होता.

मी ताडकन उठलो. छाती फुटायला आली होती, खूप वेळ पाण्याखाली राहिल्यासारखी. पण घूं नव्हता. कमळी शेजारी स्टुलावर बसली होती, चांगली श्वास घेत होती, पाय हलवत होती. मला रडू कोसळलं. सुटलो एकदाचे.

मग तिचं बोट दिसलं. चासीवर.

"काढ बाळा," मी म्हणालो. "आता काही होत नाही."

तिने मान हलवली.

"मघाशी काढून पाहिलं," ती म्हणाली. "तर तुम्ही परत घूं करायला लागलात, बाबा."