चोवीस तास चाळीस मिनिटांचा गुरुवार

आमचं लग्न ठरलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही असं धरून पुढे जाऊ. आमच्या कचेरीत ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नसतं, आणि याची नोंद व्हायची आहे. तर, काहीही झालेलं नाही. मी पालिकेत विवाह नोंदणीच्या खिडकीत बसते. खिडकी अकरा ते एक उघडी. दुसऱ्यांच्या लग्नांवर शिक्के मारून मारून माझं मनगट मजबूत झालंय. आयुष्यात एवढीच काय ती प्रगती.

त्या सोमवारी मला सहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय: शहराचा वेळ. कचेऱ्या, बस, वाचनालयं यांच्या वेळा आपण ठरवतो तेव्हा लोकांच्या दिवसाचं काय होतं, हे आम्ही शिकायचं होतं. मलाच पाठवलं, कारण सगळ्यात जास्त तक्रारी माझ्या खिडकीच्या. लग्न नोंदवायला नवराबायकोला रजा टाकावी लागते, आणि संसारातलं पहिलं भांडण ते माझ्यासमोर भांडतात.

वेळेच्या प्रशिक्षणाला मी वीस मिनिटं उशिरा पोचले.

दाराशीच एक जण स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळात सेल घालत होता. बाह्या दुमडलेल्या, कपाळावर केस.

"अहो घड्याळवाले," मी कुजबुजले, "वीस मिनिटं मागे लावा ना. म्हणजे मी वेळेवर आले."

त्याने वरून माझ्याकडे पाहिलं. मग अगदी गंभीरपणे काटा मागे फिरवला.

"या. वेळेत आलात."

मी जागेवर बसले. तो स्टुलावरून उतरला, हात झटकले आणि फळ्यासमोर जाऊन उभा राहिला. "नमस्कार. मी तुमचा प्रशिक्षक."

मी वहीत तोंड खुपसलं. वही कोरी होती, तरी दोन पानं वाचली.

घड्याळ तसंच राहिलं, म्हणून जेवणाची सुट्टी वीस मिनिटं उशिरा झाली. माझ्यासारखेच शिकायला आलेले अग्निशमन दलाचे काका बंद डब्यांकडे आग लागल्यासारखे पाहत होते. खरं कारण फक्त दोघांना माहीत. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने घड्याळाकडे पाहिलं... आणि त्याचे कान लाल झाले.

प्रत्येकाला एक नोंदवही मिळाली होती. दहा-दहा मिनिटांचे रकाने. काय केलं ते लिहायचं, शेजारी 'सोबत कोण' त्याचा आकडा टाकायचा. एक म्हणजे एकटे, दोन म्हणजे घरचे, तीन सहकारी, चार इतर. दिवसाची बेरीज चोवीस तास आलीच पाहिजे.

"आणि रिकामा रकाना दिसला की अख्खी वही बाद," तो म्हणाला.

माझ्या वहीत रिकामं काही नव्हतंच. खिडकी, स्वयंपाक, दोन बस, बाबांना गोळ्या देणे, बाबांनी लपवलेल्या गोळ्या शोधणे. बुधवारी त्याने पानं चाळली. खिडकीच्या वेळेवरून त्याने माझं नावच पाडलं होतं.

"अकरा-ते-एक, तुमच्या दिवसात मोकळी दहा मिनिटंही नाहीत."

"का? कुणाला हवी होती?"

"नाही — म्हणजे — धोरण म्हणून विचारलं."

गुरुवारी संध्याकाळी मी बसथांब्यावर उभी होते. वारा सुटला होता, मधूनच चार थेंब पडत होते. शेजारी तो येऊन उभा राहिला.

"तुम्ही तर मागच्याच इमारतीत उतरलाय ना?" मी विचारलं.

"हो."

"मग थांब्यावर काय काम?"

"निरीक्षण."

"कशाचं?"

"...बसचं."

बस आली. त्याने ती पाहिली नाही. मीही चढले नाही. तो म्हणाला, लहानपणी आई कारखान्यातून यायची तेव्हा वाचनालय बंद झालेलं असायचं, म्हणून तो या कामात पडला. मी म्हणाले, मी या कामात पडले कारण परीक्षेत दुसरं काही मिळालं नाही. तो इतका हसला की थांब्यावरचं कुत्रं उठून दुसरीकडे गेलं. वीस मिनिटांनी दुसरी बस आली. तीही गेली. आणखी वीस मिनिटांनी तिसरी आली. बाबांच्या गोळ्या सातला, म्हणून ती मात्र पकडली.

शनिवारी शेवटचा दिवस. सहाच्या गाडीने तो पुढच्या शहरात शिकवायला जाणार होता. साडेपाचला सगळे गेले. तो माझी वही घेऊन बसला.

"तुमचा गुरुवार चोवीस तास चाळीस मिनिटांचा आहे."

"असेल."

"बघा. 'बसची वाट पाहणे, चाळीस मिनिटे.' खाली पुन्हा, 'बस जाऊ देणे, चाळीस मिनिटे.' यातलं एक खोडावं लागेल."

"वाट पाहिली. जाऊही दिली. कुठलं खोटं आहे, तुम्हीच सांगा."

मग त्याने पिशवीतून स्वतःची वही काढली. गुरुवारच्या त्याच चाळीस मिनिटांपुढे लिहिलं होतं: निरीक्षण. 'सोबत कोण' कोरं.

"रिकामा रकाना?" मी म्हणाले. "तुमची वही बाद."

"म्हणून तर विचारतोय... काय लिहू?"

"चार लिहा. इतर."

"चार नाही लिहवत."

"तीन?"

"तुम्ही सहकार्य कुठे करता?"

सहाला जवळच्या स्टेशनात गाडीचा भोंगा वाजला. एकदा, दोनदा. त्याने बॅगेकडे पाहिलंसुद्धा नाही. भोंगा लांब गेला.

"गाडी गेली तुमची."

"जाऊ दिली," तो म्हणाला. "आता माझाही दिवस जास्त भरणार."

"मग दोनच उरतो," मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले. "पण घरचे व्हायचं तर आधी माझ्या खिडकीत यावं लागतं. अकरा ते एक."

"तेव्हा मी शिकवत असतो."

"तेव्हा मीही खिडकीत असते. बाहेरून सही करायला मलाच रजा टाकावी लागेल."

"बघा," तो म्हणाला, "सहा दिवस हेच तर सांगतोय मी."

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "उशिरा आलेल्या पोरीसाठी ज्याने घड्याळ मागे लावलं," ते म्हणाले, "तो गोळ्यांची वेळही पुढे ढकलेल. आण त्याला."

मग वह्या तपासणाऱ्या कक्षाचं बेरजेबद्दल पत्र आलं, आणि मी अर्ज लिहिला.

प्रति, प्रमुख, शहर वेळ-वापर कक्ष.
विषय: नोंदवही क्रमांक एकोणतीसमधील गुरुवारच्या बेरजेबाबत.

महोदय, बेरीज दुरुस्त करण्याबाबत आपले पत्र मिळाले. पुन्हा तपासणी केली असता दोन्ही नोंदी खऱ्या आढळल्या. सबब, सदर गुरुवार चोवीस तास चाळीस मिनिटांचाच होता असे मान्य करून तशी नोंद घेण्यात यावी, आणि असा गुरुवार यापुढे शहराच्या हद्दीत दर आठवड्याला लागू करण्यात यावा, ही नम्र विनंती.

सोबत: बाबांचे ना-हरकत पत्र.