पाण्याची काच

ही गोष्ट मी रचलेली नाही. ज्याला पटायची नाही त्यानं इथूनच मागं फिरावं, मी काही कुणाच्या पाया पडणार नाही. आमचे थोरले चुलते नाथाजी, ज्यांना आम्ही सगळी भावंडं आबा म्हणतो, त्यांच्याबाबतीत हे घडलं. त्यांची मुलगी संयोगिताताई तेव्हा त्यांच्या शेजारीच बसली होती. तिनंच मला सांगितलं.

गाव सलगरे, मिरजेच्या पुढं. गेल्या वर्षीचा ऑगस्ट. दुसरा रविवार. संध्याकाळचे सात.

आबा म्हणजे छोट्या लायनीवरचा जुना माणूस. वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून कोळसा मारला, पुढं ड्रायव्हर झाले, रिटायर होऊन घरी बसले. त्यांचा मुलगा वीरधवल इंग्लंडात इंजिनियर. तिकडं हौशी लोकांनी जुन्या वाफेच्या गाड्या जपून ठेवल्यात. सुट्टीच्या दिवशी मास्तर, डॉक्टर, बँकवाले येऊन फुकट राबतात. वीरधवलही त्यांच्यातच.

"मी पोटासाठी कोळसा मारला. ह्यो सुट्टी घालवून मारतोय. येडं का खुळं!" आबा असं म्हणायचे, पण तोंडभर हसत.

त्या रविवारी वीरधवल पहिल्यांदाच प्रवाशांच्या गाडीवर फायरमन होता. इंजिनात कॅमेरा लावलेला. सगळं मोबाईलवर लाइव्ह. आदल्या दिवशी त्यानं फोनवर चिडवलंही होतं, "आबा, ह्या गोऱ्यांनी हे इंजिन आपल्याकडच्या भंगारातनं बोटीनं आणलंय. तुमच्याच लायनीचं हाय. वळखा बघू!"

ताईनं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर वीरधवल. तोंड काळं, दात पांढरे. खिडकीशी एक म्हातारा गोरा ड्रायव्हर.

इंजिनानं शिट्टी दिली.

आबांचं हसू थांबलं.

शिट्टी खालच्या सुरात सुरू होऊन मध्येच फाटत होती...

"संयोगिता, त्या पाण्याच्या काचंच्या खाली बघ. भाकरीएवढं ठिगळ हाय का लोखंडाचं?"

ताईनं डोळे बारीक केले. होतं. हिरव्या रंगाखाली झाकलेलं, पण होतं.

"हाय की आबा. तुमाला कसं म्हाईत?"

आबा मोबाईलच्या आणखी जवळ सरकले.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बॉयलरात पाणी किती आहे ते एका उभ्या काचेच्या नळीत दिसतं. नळी अर्धी भरली असेल तर पाण्याची रेघ दिसते. पण पूर्ण भरली तर रेघ दिसत नाही. आणि पूर्ण रिकामी झाली तरी दिसत नाही. दोन्ही वेळेला काच सारखीच, लख्ख. म्हणून फायरमननं काचेखालची तोटी उघडून पाणी येतं का ते बघायचं असतं. चढावर पाणी मागं सरकतं, काच भरलेलीच असणार असं वाटतं. तिथंच माणूस फसतो. चढ संपला की उरलंसुरलं पाणी पुढं जातं, भट्टीचा माथा उघडा पडून तापतो, फुटतो, आणि भट्टीच्या दारातनं आग आणि वाफ माणसांवर येते.

इंग्लंडातली ती गाडी चढाला लागली होती.

वीरधवल फावडं मारत होता. त्याच्या डोक्यामागं काच दिसत होती. लख्ख. रेघ नाही.

आणि मग मोबाईलमधून आवाज आला...

"पाणी?"

मराठीत. घोगरा, दमदार आवाज.

गोरा ड्रायव्हर खिडकीबाहेर बघत होता. त्याचे ओठ हललेही नव्हते. वीरधवलनं मान वर केली नाही. त्याला ऐकू आलंच नव्हतं.

आबांनी ताईचं मनगट पकडलं. "धोंडीबा..." एवढंच ते म्हणाले.

धोंडीबा म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. चाळीस वर्षांपूर्वीचा. हेच इंजिन, ढालगावच्या अलीकडचा चढ. आबा तेव्हा तिशीतले, सलग दुसऱ्या पाळीला आलेले, डोळ्यांवर झोप. धोंडीबानं विचारलं, पाणी? आबांनी तोटी उघडलीच नाही. नुसतं वर बघून जबाब दिला आणि कोळसा पुढं ओढायला मागं ढिगावर चढले. माथ्यावर भट्टी फुटली तेव्हा म्हणून ते वाचले. धोंडीबा मिरजेच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.

चौकशीत आबांनी सांगितलं होतं, "मी म्हणालो हुतो काच रिकामी हाय. ड्रायव्हरनं ऐकलं न्हाई."

सगळ्यांनी ते मानलं. एक धोंडीबाची बायको चंद्राबाई सोडून. ती शेडच्या दारात उभी राहून म्हणायची, "माझा माणूस असा न्हवता." आणि आबा दुसऱ्या दारानं घरी जायचे.

खरं काय घडलं ते त्या संध्याकाळपर्यंत आबांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"फोन लाव त्याला! तोटी उघडून बघ म्हणावं! लाव लवकर!"

ताईनं फोन लावला. वाजत राहिला. इंजिनावर जाताना मोबाईल खाली ठेवायचा असा तिथला नियम. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. मग तिनं व्हिडिओखाली इंग्रजीत लिहिलं, काचेतलं पाणी तपासा, त्याला कुणीतरी सांगा. खाली कुणीतरी हसण्याचं चित्र टाकलं. दुसऱ्यानं लिहिलं, घाबरू नका, आमची माणसं तयार आहेत.

आबा मोबाईलवरच ओरडत होते. "ईरू! आरं ईरू! काच बघ रं!"

सात हजार किलोमीटर. कुठनं ऐकू जाणार?

चढाचा माथा दिसायला लागला.

"पाणी?" पुन्हा तोच आवाज.

आणि ह्या वेळेला उत्तर आलं...

"काच भरलीया!"

तरणा आवाज. झोपाळलेला. वीरधवलचा नव्हे.

ताई म्हणाली, "आबा... हा तर तुमचा आवाज हाय."

आणि पडदा थिजला.

मधोमध ते गोल चाक फिरत राहिलं. रेंज गेली होती. ताई मोबाईल घेऊन अंगणात पळाली, जिना चढून माळवदावर गेली. आबा खाली उंबऱ्यावर बसून राहिले. ताई सांगते, ते लहान मुलासारखं "माझं पोर, माझं पोर" एवढंच म्हणत होते.

पाऊण तास गेला.

फोन वाजला. वीरधवलचाच.

"आबा, मी बरा हाय. काच रिकामी हुती. मला भरलेली वाटली. माथ्याच्या अलीकडं तोटी उघडली तर पाण्याचा थेंब न्हाई. गाडी थांबवली, सगळी आग खाली काढली. अजून शंभर पावलं गेलो असतो तर..."

आबांना हुंदका फुटला. सिद्धनाथाचं नाव घेतलं, हात जोडले.

मग विचारलं, "तोटी उघडायचं तुला सुचलं कसं रं?"

वीरधवलनं आवाज खाली आणला.

"मागनं कुणीतरी बोललं, आबा. आपल्या भाषेत. अगदी कानाशी."

"काय बोललं?"

"तोटी उघडून बघ रं. तुझ्या बापानं उघडली न्हवती."

आबांनी फोन कानाला आणखी दाबून धरला.

"आबा, खरं हाय का ते?"

ताई म्हणते, त्या वेळी आबांना खोटं बोलता आलं असतं. चाळीस वर्षं बोललेच होते की. पण त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "व्हय."

वीरधवलनं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी आबा एसटीनं जतला गेले, चंद्राबाईचं घर शोधत. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. तिचा मुलगा प्रबुद्ध घरी होता. त्यानं उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "आई मरेपर्यंत हेच सांगत होती. आता मला सांगून काय करता?" आणि आत निघून गेला.

आबांनी वीरधवलला निरोपावर निरोप धाडले. इंजिन सोड, तुझ्या पाया पडतो. त्याचं एकच उत्तर आलं, तेही ताईच्या फोनवर. मी सोडलं तर दुसरं पोरगं चढेल, त्याला मराठी कुठं कळतंय?

त्यानंतर त्यानं आबांना फोन केला नाही. आजपर्यंत नाही.

रविवारी सातला मात्र आबा मोबाईलपुढं बसतात. मीही एकदा बसलो होतो, म्हणून हे लिहायचं धाडस केलं. गाडी चढाला लागली. आवाज मला काही आला नाही. पण वीरधवलनं एकदम फावडं थांबवलं, मागं रिकाम्या कोपऱ्याकडं वळून बघितलं, आणि अगदी अदबीनं मान हलवली.

"व्हय काका. बघतो."

आणि तोटी उघडली.

आबांनी पडद्यावरच्या त्याच्या तोंडावरून बोट फिरवलं. "मला एकदा तरी हाक मार रं," म्हणाले.

वीरधवल त्या कोपऱ्याकडं बघून हसत होता.