दगडाचा नसलेला घुमट

"हा घुमट संपूर्ण दगडाचा आहे," मी म्हटलं आणि वरून कुणीतरी हसलं.

माझ्यासोबतच्या वीस यात्रेकरूंनी माना वर केल्या. परांचीच्या फळीवर एक तरुण पोटावर झोपून खाली डोकावत होता. नजरानजर होताच तो दचकला... आणि त्याचा ब्रश थेट माझ्या पायाशी येऊन पडला.

या बॅसिलिकेत मी चार वर्षं गाइड होते. माझ्याआधी एकतीस वर्षं बाबा. टेकडीवर आधी मातेचं छोटंसं चॅपेल होतं, आजारी लेकरं घेऊन येणाऱ्यांची गर्दी त्यात मावेना, म्हणून ही बॅसिलिका उभी राहिली. चाळीस पाथरवटांनी बावीस वर्षं खपून घुमट घडवला. बाबांचं वाक्य न वाक्य मला पाठ होतं.

दुपारच्या सुट्टीत ब्रश घेऊन, चांगलं सुनावायचं ठरवून मी वर चढले. तो घुमटावरची जुनी चित्रं दुरुस्त करायला आला होता; सगळे त्याला रंगारीच म्हणत. त्याने माफी मागितली. मग जरा घुटमळून म्हणाला, "एकदा... वाजवून बघा ना."

मी घुमटावर बोटं वाजवली. दार ठोठावल्यासारखा आवाज आला.

लाकूड! वर चुन्याचा गिलावा, त्यावर रंग. दगडांचे सांधे, त्यांच्या सावल्या, सगळं ब्रशने काढलेलं. टेकडीची माती भुसभुशीत, त्याने समजावलं. दगड चढायला लागले तशा भिंती बाहेर कलू लागल्या, म्हणून अर्धा रचलेला घुमट उतरवून हा हलका केला. तळाशी दगडांच्या दोन ओळी तेवढ्या उरल्या होत्या.

"म्हणजे चार वर्षं मी लोकांना खोटं सांगतेय?"

"पण सांगता फार छान. मी रोज ऐकतो..." तो थांबला. "म्हणून तर पोटावर झोपलो होतो."

रागवावं की लाजावं, मला कळेना.

मग मी रोज दुपारी वर जाऊ लागले. शिकायला, असं स्वतःला बजावून. कमानींचा भार कुठून कुठे उतरतो हे तो बोटाने हवेत काढून दाखवायचा आणि मी... बोटाकडेच बघत राहायचे. बाबांना मात्र सांगायचा धीर होईना. त्यांचं अख्खं आयुष्य त्या दगडावर उभं होतं.

दोन महिन्यांनी एकदाचं सांगितलं. बाबा मटार सोलत होते.

"लाकडाचाच आहे," ते मान वर न करता म्हणाले.

माझ्या हातातली वाटी निसटली. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी ते दिवे लावणाऱ्यांबरोबर वर चढले होते. लोक आजारी लेकरं खांद्यावर घेऊन येतात, वर बघून त्यांना भक्कम वाटावं, म्हणून गप्प राहिले. "चुकलंच माझं," ते हळूच म्हणाले. "तू खरं सांग."

रविवारी ते स्वतः ऐकायला आले, मागच्या बाकावर बसले. मी सगळं सांगितलं. खांद्यावर तापलेलं बाळ घेतलेली एक बाई कितीतरी वेळ वर बघत राहिली.

"म्हणजे आपल्या अंगावर पडू नये म्हणून एवढं केलं?"

"हो."

"मग बरं केलं," म्हणत ती मेणबत्ती लावायला गेली. बाबांनी रुमाल डोळ्यांना लावला.

गर्दी पांगल्यावर त्यांनी विचारलं, रंगाऱ्याचं काम कधी संपणार? मी म्हटलं, अजून दोन महिने.

"कधीच संपलंय. सगळा घुमट लख्ख झालाय. तासभर मी बघतोय, तो एकाच देवदूताचा एकच पंख पुसतोय. तू बोलायला लागलीस की तेही थांबतं."

मी थक्क होऊन वर पाहिलं. खरंच की... रोज वर जात होते, पण घुमटाकडे मी बघत होते कुठे?

शिड्या कशा चढले, आठवत नाही.

"काम संपलंय?"

त्याचा हात थांबला. "सव्वीस दिवस झाले."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर... उतरावं लागलं असतं. आणि तुम्ही वर आला नसता."

खाली बाबा आमच्याकडेच बघत होते, हे बघून माझी धांदल उडाली.

"बाबा जेवायला थांबलेत," शेवटी मी म्हटलं. "चल."

दोन महिने मी त्याला अहो-जाहो करत होते. तो जागच्या जागी खिळला.

"काय म्हणालीस?"

"चल म्हटलं," मी म्हणाले आणि त्याच्याकडे न बघता शिडी उतरायला लागले.