बसल्या भाराचं माप

सीटकव्हरं बाजारात मिळत नाहीत असं नाही. चंगनाशेरीच्या बसस्टँडमागे दुकानांची रांगच आहे. पण आमची गाडी जुनी, तिच्या मापाचं तयार काही मिळत नाही. आणि दुकानातलं रेक्झिन म्हणजे एप्रिलमध्ये माणसाला उकडून काढायचं काम. त्यातून इच्चायनना झटका आल्यापासून लघवीवर ताबा राहिला नव्हता. मला सुती कव्हर हवं होतं. सकाळी काढलं, धुतलं, दुपारी वाळलं, परत चढवलं. दुकानदार म्हणाला, "टीचर, असलं कोण शिवून घेतं?" म्हटलं, कुणी नको, माझं मी शिवते. जन्मभर शाळेत पोरींना शिवणच शिकवलंय, काही झक मारली नाही.

इच्चायन म्हणजे माझा नवरा, चेरियान. झटक्यानंतर उजवा हात गेला, उजवा पाय फरफटतो, आणि बोलणं चार शब्दांवर आलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कोट्टयमला व्यायामासाठी न्यायचं. गाडी मी चालवते, ते शेजारी बसतात. घरी उचलणं, भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं मीच. मुलगी शीबा आयर्लंडला नर्स आहे. ती फोनवरून सांगते, "अम्मे, एक बाई ठेव की कामाला." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? तीन बायका ठेवून झाल्या. इच्चायनचा ओला लेंगा बदलायची वेळ आली की प्रत्येकीच्या घरी कुणीतरी आजारी पडायचं.

खरं सांगते, मी दमले होते. झोपेनं जाईल असा तो थकवा नव्हता. चर्चमध्ये गुडघे टेकले की माझी एकच प्रार्थना असायची: देवा, आधी त्यांना ने, मग मला. एक दिवसाचं अंतर ठेव, पण ठेव. नवरा मरावा म्हणून प्रार्थना करणारी बाई ऐकायला वाईट वाटते, मला ठाऊक आहे. पण माझ्या मागे त्यांना कोण बघणार होतं? भिंती?

तर कव्हर. माप रिकाम्या गादीवर घेतलं की फसलंच म्हणून समजा. माणूस बसला की फोम दबतो, कडा वर येतात, आणि रिकाम्या मापाचं कव्हर एक तर सुरकुततं नाहीतर उसवतं. म्हणून मी जुनी चादर उलटी अंथरते, ज्याची जागा त्यालाच तिच्यावर बसवते, आणि त्याच्या भाराखालीच टाचण्या लावते. मग खडूची रेघ. शेवटी मांडीखाली एक बोट घालून बघायचं. बोट सहज गेलं तर सैल, मुळीच शिरलं नाही तर माप बरोबर. इच्चायनना असं बसवलं आणि त्यांचं कव्हर असं झालं की थंकच्चन बघतच राहिला. थंकच्चन शेजारचा, रबराच्या शीटा जीपमधून पोचवतो, हाक मारली की धावून येतो.

"टीचर, माझ्या जीपला पण शिवा ना एक."

"तुझ्या जीपला कव्हर नको, स्वर्गवास हवा."

कापड उरलं होतं म्हणून मागच्या सीटचंही शिवून टाकलं. तिथं कुणी बसतच नाही, तेव्हा माप रिकाम्या गादीचं घेतलं, आपलं धूळ बसू नये एवढ्यापुरतं.

आठवड्याभरात ते कव्हर एका कोपऱ्यात खचलं. नेमकं माझ्या मागच्या जागेवर. सुरकुत्या सगळ्या त्या खळग्याकडे ओढलेल्या, आणि बाजूची शिवण उसवलेली. फोम कुजला असेल म्हणून थंकच्चनला बोलावलं. त्यानं कव्हर काढून गुडघा रोवून पाहिलं.

"फोम टणक आहे, टीचर. कोण बसतं इथं?"

"कोण बसणार, बिशप? मी चालवते, ते पुढे असतात."

"नाही, शिवण भारानं उसवलीय, म्हणून म्हटलं." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही लई वाळलात हो."

"रोज सत्तर किलोचा माणूस उचल, तूही वाळशील."

मी कव्हर उलटं करून परत सीटवर घातलं, टाचण्या लावायला. आणि टाचणी आत जाईना. कापड ताणलेलं होतं. वरून दाबलं तर दबत नव्हतं, कारण ते आधीच दबलेलं होतं. भाराखाली दबलेल्या गादीचं कापड हाताला कसं लागतं ते मला कुणी शिकवायला नको. दुपारचे उन्हाचे चटके बसत होते, अंगणात रबराच्या शीटा वाळत होत्या, त्यांचा आंबूस वास गाडीत भरला होता, आणि मागच्या सीटवर कुणीही नव्हतं. मी कापड ओढलं. ते सुटलं, पण सावकाश, कुणाच्या मांडीखालून पदर ओढून घ्यावा तसं.

मी बाहेर आले, नळावर तोंड धुतलं. उन्हानं होतं असं, मी स्वतःला म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण माप तर माप असतं. जुनी चादर अंथरून खडूची रेघ मारली. खळगा मधोमध नव्हता, उजवीकडे जास्त खोल होता. जो कोणी बसत होता तो एका कुशीवर कलून बसत होता.

त्या शुक्रवारी कोट्टयमच्या वाटेवर इच्चायन मान वळवून मागे बघायला लागले. मानेचा व्यायाम करा म्हणून कोट्टयमची व्यायाम घेणारी पोरं घसा फोडतात तेव्हा हा माणूस ढिम्म हलत नाही. आता मात्र स्वतःहून मागे वळले आणि म्हणाले, "बस. दमलीस."

"मी बसलेच आहे. इकडे बघा, इथं आहे मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परत मागे पाहिलं. आणि हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले, आणि मला रडू आलं. गाडी कडेला घ्यावी लागली.

घरी आल्यावर एकदम लख्ख डोक्यात आलं. अम्मच्ची! माझी सासू. जाऊन वीस वर्षं झाली. विहिरीवर पडून तिचा खुबा मोडला होता, तेव्हापासून ती कलूनच बसायची. गाडीतही तिची जागा ठरलेली, मुलाच्या मागची, म्हणजे चालवणाऱ्याच्या मागची. तेव्हा गाडी इच्चायन चालवायचे. पोरगा हाल काढतोय, म्हणून आई न्यायला आलीय. दुसरं कोण?

मी पोरींकडे पुरावा मागणारी बाई. भुताखेतांच्या गोष्टी वर्गात कुणी काढल्या तर कान धरायची. पण खरं सांगते, मला भीती वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं. गाडीचं दार उघडून मी त्या रिकाम्या कोपऱ्याला म्हटलं, "अम्मच्ची, तुमचं आणि माझं कधी पटलं नाही. तुमच्या मते माझी माशांची मीनकरी पाणचट आणि माझी जीभ तिखट. असू दे. पण तुमच्या मुलाला मी नीट सांभाळलंय. आता तुम्ही न्या. मग मी मोकळी." आणि आल्यागेल्याला बसायला देतो, तसं तिला नीट बसायला द्यायचं ठरवलं. तिच्या मापाचं कव्हर शिवायचं.

कापड कुठलं? तिच्याच पेटीतलं. तिची नेसायची पांढरी मुंडं, लुंगीसारखी जाड सुती वस्त्रं, मी जपून ठेवली होती. पेटी उघडली तेव्हा इच्चायन खुर्चीत होते. मुंडांच्या खाली माझी मंत्रकोडी होती, लग्नात चर्चमध्ये त्यांनीच माझ्या डोक्यावर घातलेली साडी. ती जपायची असते. बाई शेवटची निघते तेव्हा अंगावर तीच घालतात. मी ती बाजूला ठेवली तर ह्यांनी डावा हात लांब करून ती मांडीवर ओढली.

"एली," माझं नाव घेऊन म्हणाले.

"ती आत्ता कशाला? सोडा. तिला अजून वेळ आहे."

सोडेनात. थोपटत बसले. शेवटी हातातून सोडवली आणि मी ती तळाशी ठेवायला गेले, तर ते असे चिडले, असे ओरडले, की शेजारची कुत्री भुंकायला लागली. मग वरच्यावरच ठेवली, तेव्हा गप्प झाले.

कव्हर मी मन लावून शिवलं. अम्मच्चीच्या मुंडाचं जाड पांढरं कापड, आत रबरी शीट, कडेला दुहेरी शिवण. शिवायला बसले की माझा डावा खुबा ठणकतो, म्हणून मी स्टुलावर उजवीकडे कलून बसते, वर्षानुवर्षांची सवय. त्याच दोऱ्यानं, त्याच बैठकीत, माझे दोन ब्लाउजही आत घेतले. खांद्यावरून गळायला लागले होते मेले.

कव्हर चढवलं, तर अंगावर बेतल्यासारखं बसलं.

पंधरवड्यात ते सैल झालं. बसणारा कमी झाल्यासारखं. परत टाचण्या, परत शिवण आत. म्हटलं, आत्म्याचं वजन उतरतं की काय? शीबाला फोनवर गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

"अम्मे, तू किती बारीक झालीयस? मागचा फोटो बघितला मी. रक्त तपासून घे."

"तपासते."

"तपासते नाही, उद्या जा."

"उद्या मंगळवार. उद्या त्यांना न्यायचंय."

मी वाट बघत होते. रोज सकाळी त्यांच्या छातीकडे बघायची. श्वास चालू आहे की नाही? तर चालू, आणि कसा, भात्यासारखा. अम्मच्ची बसली होती मागे, पण नेत काही नव्हती. उलट ह्यांचं जेवण वाढलं. गालावर मांस आलं. कोट्टयमचा डॉक्टर पाठीवर थाप मारून म्हणाला, "चेरियान सर, हृदय बैलासारखं आहे तुमचं. अजून वीस वर्षं कुठे जात नाही."

पुढच्या सीटची गादी मी त्या दिवशी दाबून पाहिली. ती तेवढीच खचली होती, जेवढी पहिल्या दिवशी होती. एक धागासुद्धा हलला नव्हता.

मागची मात्र परत सैल झाली. परत आत घेतली. ब्लाउजही परत घेतले.

मग परवाचा शुक्रवार. इच्चायनना पुढे बसवलं, पट्टा लावला, आणि माझ्या बाजूला यायला गाडीला वळसा घातला तर डोळ्यांपुढे काळोख आला. फणसाच्या बुंध्याला धरून उभी राहिले. थंकच्चन कुंपणावरून पळत आला.

"किल्ली द्या. मी चालवतो. तुम्ही मागे बसा."

"मागे नको."

"मग कुठं, टपावर? बसा गुपचूप, टीचर."

त्यानं मागचं दार उघडलं. पांढरं कव्हर स्वच्छ होतं. सकाळीच धुऊन चढवलेलं. मी मनात म्हटलं, अम्मच्ची, जरा सरका.

आणि बसले.

डावा खुबा ठणकत होता, म्हणून उजवीकडे कलले.

कव्हरची प्रत्येक शिवण जागेवर आली. मांडीची कड, पाठीचा बाक, मानेखालचा खोलगट भाग. कुठे ताण नाही, कुठे सुरकुती नाही.

तेव्हा आठवलं. अम्मच्चीचा मोडला होता तो उजवा खुबा. आमच्या दिवाणखान्यातल्या फोटोतसुद्धा ती डावीकडे कललेली आहे. रोज त्या फोटोखालून मी इच्चायनचा चहा नेते.

सवयीनं मांडीखाली बोट घालून पाहिलं. बोट शिरलं नाही.

थंकच्चननं गाडी सुरू केली. पुढच्या सीटवरून इच्चायन सावकाश मागे वळले. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा निवला, पाहुणे वेळेवर पोचल्यावर निवतो तसा. डावा हात त्यांनी दोन सीटांच्या मधून मागे केला. मी धरला. चांगला ऊबदार होता, जड होता.

"बसलीस," ते म्हणाले.

फाटकातून गाडी बाहेर पडली. रस्त्यावर सगळं नेहमीसारखं होतं. टॅपिओकाची गाडी, शाळेची पोरं, पॅरिश हॉलची पांढरी भिंत. मला ओरडावं वाटलं, थांबव, उतरव मला, ह्या माणसाला कोण बघणार? पण ओरडण्याएवढा दमच उरला नव्हता. आणि खरं सांगते, पाठ टेकली होती. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा पाठ टेकली होती.

"थंकच्चन," मी म्हटलं, "गाडी हळू घे, आणि ऐक. त्यांना कांजी कोमट लागते. गरम दिलीस तर थुंकतील. गोळी आधी नाही, चार घास गेल्यावर. रात्री डाव्या कुशीवर झोपवायचं."

"हे मला कशाला सांगताय, टीचर?"

"तू ऐक. लेंगा बदलताना रागावलास तर त्यांना कळतं. बोलता येत नाही, पण कळतं सगळं."

आरशात थंकच्चनचे डोळे दिसले. त्यानं गाडी अजून हळू केली.

"आणि शीबा येईल तेव्हा तिला सांग," मी म्हटलं, "मंत्रकोडी शोधत बसू नकोस. पेटीत वरच्यावरच आहे."