सहा ‘गेला’ आणि एक ‘आहे’

सहा जणांना तारा विझलेला दिसावा आणि मधल्याच एकीला दिसू नये, असं कधी होईल का? २०४८ सालच्या थंडीत बार्शीच्या नक्षत्रवेड मंडळापुढे हाच पेच पडला आणि त्यात सापडली सहावीतली शाल्मली.

शनिवारी संध्याकाळी पावणेआठला एक लघुग्रह (सूर्याभोवती फिरणारा मोठा खडक) एका ताऱ्याच्या बरोबर पुढून सरकणार होता. अशा झाकाझाकीला पिधान म्हणतात. मंडळानं दर दहा किलोमीटरवर एक, अशा सात गावांत सात दुर्बिणी मांडल्या. तारा नाहीसा झाला की ‘गेला!’ आणि पुन्हा दिसला की ‘आला!’ असं ओरडायचं. शेजारी बसवलेला चिमुकला यंत्रमानव वेळ टिपणार.

शाल्मलीला पहिल्यांदाच स्वतःची दुर्बीण मिळाली होती. जागा चौथी, अगदी मधली. ती डोळा लावून बसली, पण तारा काही गेला नाही.

रविवारी सकाळी सगळे मंडळाचे प्रमुख पाखरेकाका यांच्या ओसरीवर जमले. काकांचा जन्म भूमापन खात्यात जमिनी मोजण्यात गेलेला. आता ते आकाश मोजत.

“अगं, डुलकी लागली असेल!” मंडळातला सुमेधदादा हसला. “वरच्या गावाला दिसलं, खालच्या गावाला दिसलं. मधे काय दगडाला भोक पडलंय?”

शाल्मलीचा चेहरा एवढासा झाला. ‘दोन सेकंद गेला होता’ म्हटलं असतं तर कुणी हसलं नसतं, पुढच्या वेळची दुर्बीणही हातची गेली नसती. काकांनी तिची ओळ खोडायला पेन्सिल उचलली.

“एखादं माप चुकतंच, बाळा. पुढच्या वेळी कुणाबरोबर तरी बस.”

“खोडू नका, काका!” तिनं ओळीवर तळहात ठेवला. “मी पाहिलंय. मोजक्याला विचारा.”

तिचा यंत्रमानव मोजक्या टिकटिकला आणि त्याच्या पोटातून कालचा तिचाच आवाज आला, “आहे... आहे... आहे...” दर सेकंदाला एक, न चुकता.

“आणि तारा तोच होता ना?” काकांनी विचारलं.

“मीच दुर्बीण लावली होती. तारा बरोबर होता,” मोजक्या म्हणाला.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. “मग जे दिसलं तेच काढू.”

त्यांनी कागदावर सात गावांच्या सात रेषा ओढल्या. “तारा फार लांब, म्हणून त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. मग खडकाची सावली जमिनीवर केवढी पडेल?”

“खडकाएवढीच!” शाल्मली म्हणाली.

“बरोबर. ती सेकंदाला दहा किलोमीटर पळत होती. तारा तीन सेकंद गेला, म्हणजे तिथं खडक तीस किलोमीटर रुंद.”

जिथं तारा गेला, तेवढी रेषा ते जाड करत गेले. पहिली सव्वादोन सेकंदांची, दुसरी तीन, तिसरी पुन्हा सव्वादोन. चौथी शाल्मलीची, कोरी. पुढच्या तीन पुन्हा तशाच. मग त्यांनी जाड रेषांची टोकं जोडली आणि त्यांचा हात थांबला.

कागदावर एक गोल नव्हता, दोन होते. शेजारी शेजारी, मधे फट.

“दोन आहेत,” काका हळूच म्हणाले. “जोडी आहे, एकमेकांभोवती फिरणारी! आपण एकच समजत होतो. तुझी ओळ खोडली असती, तर एकच लांबडा दगड काढून मोकळे झालो असतो.”

शाल्मलीच्या अंगावर काटा आला. सहाशे वर्षांपूर्वी ताऱ्यावरून निघालेला प्रकाश त्या दोन डोंगरांमधल्या फटीतून निसटला होता आणि सात दुर्बिणींपैकी फक्त तिच्या दुर्बिणीत उतरला होता.

सुमेधदादानं कान पकडले. “पुढच्या पिधानाला मला फटीत बसवा हं, काका.”

“फट कुठं असेल ते आधी कुणाला ठाऊक?” काका हसले. “म्हणून सगळ्यांनीच बसायचं.” त्यांनी पेन्सिल शाल्मलीच्या हातात दिली. चौथ्या रेषेपुढची जागा अजून रिकामी होती. तिथं तिनं ठळक अक्षरात लिहिलं : आहे.