बाहेर गेल्याची सही

एम.ए. गणिताची प्रवेश परीक्षा मी सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा दिली, आणि चाळीस दिवसांनी दुसऱ्यांदा. जन्मभर जमिनी मोजल्या. निवृत्तीनंतर वाटलं, ज्या त्रिकोणांनी पोट भरलं त्यांची नीट ओळख तरी करून घ्यावी. साठीपुढच्यांसाठी विभागात जागा एकच होती. आमची ही म्हणायची, "जागा एक आणि त्यापायी वेडा झालेलाही एकच. मिळेल की!"

पहिल्या खेपेला माझी पार दांडी उडाली. परीक्षा कॉम्प्युटरवर, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी. बाहेर जाताना वहीत सही करायची, आत येताना पुन्हा सही. संभाव्यतेच्या एका प्रश्नाने असा घाम फोडला, की सुट्टी होताच मी सहीबिही न करता जिना उतरलो आणि थेट घर गाठलं. हिला सांगितलं, पेपर फार अवघड होता. थापा मारण्यात मी कधी हात आखडता घेतला नाही. आता सांगतोय ती गोष्ट मात्र थाप नव्हे.

मग झटून अभ्यास केला. दुसऱ्या खेपेला सकाळी साडेआठलाच केंद्रावर हजर. दुसऱ्या मजल्यावरची तीच लांबट खोली, तेच काचेचं दार. खिसे उलटे करून दाखवले, चष्मा तपासून परत मिळाला. टेबलामागच्या बाईंनी माझा अंगठा यंत्रावर टेकवला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आजोबा, तुम्ही आत आहात."

"मग हा कोण उभाय, माझा धाकटा भाऊ?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीतलं चाळीस दिवसांपूर्वीचं पान काढलं. आत आल्याची माझी सही होती. बाहेर गेल्याचा रकाना कोरा.

"तुमचा सात नंबरचा कॉम्प्युटर तेव्हापासून बंदच होत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वायर काढून ठेवली, तरी. आणि रोज सकाळी तिथे हे सापडतं."

ड्रॉवरमधून त्यांनी कच्च्या कामाच्या कागदांचा गठ्ठा काढला. आकृत्याच आकृत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा छोटा बाण. गणितात दिशा लागत नाही. पण मोजणीच्या सवयीने तो बाण मी काढतोच.

"तेवढी सही करून टाका," बाई म्हणाल्या. "आधी बाहेर, मग आत. नियम आहे."

मी बाहेर गेल्याची सही केली. पेन उचललं, तोच काचेचं दार आतून ढकललं गेलं आणि अलगद मिटलं. दाढीच्या साबणाचा वास आला. जिन्यावर चपला वाजत खाली गेल्या, डावी जरा घासत. एकदा मोजणीच्या वेळी बांधावरून पडलो, तेव्हापासून माझी डावी घासते.

बाईंनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मीही.

सात नंबरची खुर्ची कोमट होती. पेपर मात्र असा गेला, की विचारू नका! संभाव्यतेचा तोच प्रश्न आला आणि मी गालातल्या गालात हसत सोडवला. निघताना ठळक सही ठोकली, वेळेसकट.

आठवड्याने यादी लागली. साठीपुढच्यांत माझंच नाव. मी हवेत.

"वर्गात डुलक्या काढू नका म्हणजे झालं," ही म्हणाली, आणि नव्या शर्टाची कॉलर तिनेच नीट केली.

विभागाच्या कचेरीत कारकुनाने चष्म्यावरून बघितलं.

"काका, परत? तुमचा प्रवेश मघाशीच झाला की. तास सुरू झालाय, पळा!"

त्याने फॉर्म दाखवला. सही माझी. फोटोही माझा, जरासा वाळलेला.

मी वर्गाच्या खिडकीशी गेलो. तिसऱ्या बाकावर एक ओळखीची पाठ, पुढे झुकलेली, समाधानी. खरं सांगू? राग आला नाही. मी घरी पळालो होतो. चाळीस दिवस जागचा न हलता बसला होता तो. जागा त्याचीच.

सर हजेरी घेत होते.

माझं नाव आलं.

सवयीने मी बाहेरूनच म्हणालो, "हजर."

ओठ माझे हलले. आवाज आतून आला.