मनवेलपाड्याच्या पाण्यातली बाई

या, बसा आत सरकून. लाईट काही तासाभरात येत नाही. अनुष्का, तू हसणार असशील तर आत्ताच हसून घे. कारण हे ज्याच्या बाबतीत घडलं तो सॅन्टन पाचूबंदरचा, माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. दर्यावर हयात गेलेला माणूस. भुताचं नाव काढलं की तोच आधी टिंगल करायचा.

तीन वर्षांमागची गोष्ट, २००५ सालचा जुलै. सव्वीस तारखेला, मंगळवारी, पाऊस कसा कोसळला ते तुम्हाला ठाऊकच आहे. बुधवारी जोर थोडा कमी झाला, पण मनवेलपाड्याच्या मागच्या सखल भागातलं पाणी हलेना. बैठ्या चाळींचे नुसते पत्रे वर दिसत होते. देवळात खिचडी शिजत होती, चर्चच्या हॉलमध्ये माणसं झोपली होती. आमच्या पाचूबंदरातून चार होड्या टेम्पोत घालून तिकडे नेल्या. त्यातली एक सॅन्टनची.

बुधवारी रात्री त्याने एका इमारतीच्या गच्चीवर अडकलेल्या लोकांना खिचडी पोचवली आणि तो एकटाच परत निघाला. पावणेबारा झाले होते. पाऊस रिपरिप चालू. हातात लांब बांबू, पायाशी बॅटरी. पोटात भूक, अंगात कणकण. आता हॉलवर जाऊन पडायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

एका कंपाउंडच्या भिंतीपाशी बाई उभी होती. कमरेएवढ्या पाण्यात.

"दादा, आमच्याकडे चला ना. बाळ अडकलंय."

"होडीत ये बाय. बस."

"नको. मी पुढे चालते. तुम्हाला वाट सापडायची नाही. तारा तुटल्यात, खांब आडवे झालेत. दोर द्या माझ्याकडे."

सॅन्टनने होडीचा दोर फेकला. तिने तो हातात घेतला आणि चालू लागली. तो मागून बांबू रेटत होता. बाई वाट मात्र चोख दाखवत होती. "खाली वाका, तार आहे." तो वाकला, तर खरंच डोक्यावरून तार गेली. "इथून उजवीकडे."

"घरात आनखी कोन हाय?"

"बाबा आहेत. माझे सासरे. त्यांना पोहता येत नाही."

ती पुढे चालत राहिली.

चाळींची रांग संपली. दोन्ही बाजूंना नुसतं काळं पाणी. सॅन्टनने बांबू खाली घातला. तळ लागला नाही. त्याने पुन्हा घातला, कोपरापर्यंत हात बुडवून. पंधरा फुटी बांबू... आणि खाली काही नाही.

त्याने समोर पाहिलं.

बाई चालत होती. कमरेएवढ्या पाण्यात.

बांध असेल, त्याने मनाला समजावलं. बांधावरून चालत असेल. ती जिथून गेली, नेमकी तिथे होडी आली. त्याने बांबू पुन्हा खाली सोडला.

तळ नाही.

एवढ्या पाण्यातून माणूस चालतो, तर पाण्याचा आवाज होतो. तिच्या चालण्याला आवाजच नव्हता. सॅन्टनचा हात हळूच दोराच्या गाठीवर गेला. गाठ सोडायची. होडी वळवायची. बस.

बाई थांबली. वळली नाही. नुसती थांबली.

तेवढ्यात लांबून बाळ रडलं. रडून रडून बसलेला आवाज. पण खरा. जिवंत.

सॅन्टनने गाठीवरचा हात काढला. "चल बाय," तो म्हणाला.

आवाजाच्या दिशेला एका एकट्या घराचं छप्पर पाण्याबाहेर होतं. त्याखाली, माळ्यावर, एक म्हातारे गृहस्थ बाळाला छातीशी धरून आडवे झाले होते. पाणी माळ्याच्या फळीला लागलेलं. सॅन्टनने पत्रा उचकटला, आधी बाळ घेतलं, मग म्हाताऱ्यांना ओढलं. चंद्रहास त्यांचं नाव.

"आम्ही इथे आहोत हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या सुनेनं. ती काय पुढं हाय, दोर धरून."

चंद्रहासरावांनी बॅटरी घेतली आणि पुढे मारली. बराच वेळ धरून ठेवली.

"भाऊ... पुढे कुणी नाही."

सॅन्टनलाही आता कुणी दिसत नव्हतं. पण दोर पाण्यात पडलेला नव्हता. तो ताणलेला होता. सरळ. पाण्याच्या वर हातभर... अंधारात गेलेला.

होडी हलली.

बांबू होडीत आडवा पडला होता. बाळ गप्प झालं होतं. पुढे बघत होतं.

"सुमेधा काल संध्याकाळी दूध आणायला गेली," म्हातारे पुटपुटले. "अजून..."

दोर तसाच ताणलेला राहिला. रस्त्यावरच्या गॅसबत्त्या दिसेपर्यंत.

तिथे दोर सैल पडला. छप्... एवढाच आवाज.

सुमेधा शुक्रवारी दुपारी सापडली. चाळींच्या मागे जुन्या खाणीचा खड्डा आहे, त्यात. तिची पोर, ज्ञानदा, हल्ली बालवाडीत जाते. सॅन्टन तिला नाताळात केक पाठवतो. भुताची टिंगल त्याने त्या दिवसापासून बंद केली.

गुरुवारी पहाटे मी हॉलवर चहा घेऊन गेलो, तर सॅन्टन होडीपाशी उकिडवा बसलेला. त्याने नुसता दोर माझ्या पुढ्यात धरला. रात्रभर पाऊस, रात्रभर पाणी. दोर पिळला तर धार लागत होती. मी हात फिरवत टोकापर्यंत गेलो आणि थांबलो.

टोकाशी वीतभर दोर कोरडा होता. एक मूठ बसेल एवढा.

आणि कोमट.